चीनमधील भाताच्या जुन्या पेठा : पीक कोठे, भाव कोठे?



भात उत्पादक पट्ट्यातील मेळाव्यात जाती, लावणी, खते यांवरील चर्चा संपली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "भात आम्ही पिकवितो, मग त्याचा भाव दुसरीकडेच कसा ठरतो?" हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. भाताची शेती जेथे हजारो वर्षांपासून चालत आली आहे, त्या चीनमध्येही शेतकऱ्यांना हाच प्रश्न पडत होता. तेथे यांगत्से नदीच्या काठाने तांदळाच्या व्यापारावर मोठमोठी शहरे उभी राहिली. वूशी, वूहू, चिऊच्यांग आणि चांगशा ही त्यांपैकी चार शहरे 'चार मोठ्या तांदूळ पेठा' म्हणून ओळखली जातात. या पेठा का वाढल्या, त्यांचे कामकाज कसे चाले, त्यांत शेतकऱ्याच्या पदरात काय पडे आणि त्यांचे पुढे काय झाले, याची माहिती या लेखात दिली आहे.

पाणवाटांचे जाळे

तांदूळ हा वजनाला जड आणि त्या मानाने कमी किमतीचा माल. पाठीवरून किंवा बैलगाडीने तो लांब नेला तर वाहतूक खर्च मालाच्या किमतीला खाऊन टाकतो. पाण्यातून मात्र एक होडी अनेक गाड्यांचा माल थोड्या माणसांच्या बळावर नेते. त्यामुळे रेल्वेपूर्व काळात धान्याची मोठी पेठ म्हणजे पाणवाटेवरचे गाव, असे समीकरणच होते.

यांगत्से ही नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे समुद्राला मिळते. हूनान प्रांतातील शियांग नदी तुंगथिंग सरोवरातून, तर च्यांगशी प्रांतातील कान नदी पोयांग सरोवरातून यांगत्सेला येऊन मिळते. या नद्यांच्या खोऱ्यात भाताची खाचरे पसरलेली आहेत. यांगत्सेच्या मुखाजवळ उत्तर-दक्षिण जाणारा मोठा कालवा तिला छेदतो. हा कालवा स्वै घराण्याच्या काळात, सातव्या शतकाच्या आरंभी, जुने-नवे कालवे जोडून तयार करण्यात आला. दक्षिणेचे धान्य उत्तरेतील राजधानीकडे आणि सैन्याकडे नेणे हे त्याचे एक मुख्य काम होते. मिंग घराण्याच्या काळात, १४७२ मध्ये, दरवर्षी राजधानीकडे पाठवावयाच्या करधान्याचे प्रमाण ४० लाख शि असे ठरविण्यात आले.

येथे मापाची ओळख करून घेऊ. शि हे आपल्या पायली-मणाप्रमाणे आकारमानाचे माप. १ शि म्हणजे १० दौ आणि १ दौ म्हणजे १० शंग. छिंग घराण्याच्या काळातील १ शि सुमारे १०० लिटरचा होता. त्यात साधारणपणे ७५ ते ८० किलो तांदूळ मावत असे.

हळव्या भाताने घडविलेला बदल

पेठ उभी राहण्यासाठी प्रथम खाऊन उरणारे धान्य लागते. चीनमध्ये हा वरकड साठा वाढण्यात हळव्या जातींचा वाटा मोठा आहे. इ.स. १०१२ मध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात अवर्षण पडले असता सुंग सम्राट चन्-त्सुंग याने फूच्येन प्रांतातून चंपा भाताचे ३० हजार हू बियाणे मागवून शेतकऱ्यांना वाटले. (हू हेही धान्याचे एक जुने माप.) चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या मध्य भागातील जुने राज्य. हे भात पाण्याचा ताण सोसणारे आणि लावणीनंतर सुमारे १०० दिवसांत तयार होणारे होते. पुढे शेतकऱ्यांनी निवड करीत त्याहूनही हळव्या जाती तयार केल्या. भात लवकर निघाल्याने त्याच शेतात दुसरे पीक घेता येऊ लागले आणि पाण्याची खात्री नसलेल्या वरकस जमिनीही भाताखाली आल्या.

यासंबंधी आणखी एक गोष्ट कृषी विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. छिंग सम्राट खांगशी याला राजवाड्याच्या बागेतील भाताच्या शेतात इतरांच्या आधी पक्व झालेली एक लोंबी आढळली. तिचे बी वेगळे राखून त्याने ते वाढविले आणि १७१५ मध्ये सूचौ येथील आपला अधिकारी ली श्यू याच्याकडे वर्षातून दोन पिके घेण्याच्या प्रयोगासाठी पाठविले. शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंबीकडे लक्ष ठेवणे, ही निवड पद्धतीची पहिली पायरी येथे स्पष्ट दिसते.

तांदळाच्या मुलखाला तांदूळ लागतो

यांगत्सेच्या मुखाजवळील सूचौ, हूचौ हा भाग सुंग काळात देशाचे धान्याचे कोठार समजला जाई. तेथे सुगी साधली की साऱ्या देशाची भूक भागते, अशा अर्थाची म्हणच होती. मिंग काळात ही म्हण बदलली आणि तीत सूचौ-हूचौऐवजी हूक्वांगचे, म्हणजे आजच्या हूपेइ व हूनान प्रांतांचे नाव आले. सूचौची जमीन नापीक झाली होती, असे मात्र नाही. लोकसंख्या वाढली, आणि शेतकऱ्यांनी भाताबरोबर कापूस व तुतीची लागवड वाढवून सूतकताई, रेशीम, विणकाम यांकडे मोर्चा वळविला. रोख पैसा त्यात होता. खाण्यासाठी लागणारा तांदूळ नदीवरून खाली येऊ लागला.

अठराव्या शतकात हूनान, हूपेइ, च्यांगशी व सछ्वान प्रांतांतील तांदूळ यांगत्सेवरून हानखौसारख्या बंदरांतून सूचौला येई. सूचौच्या वेशीबाहेरील फंगछ्याओ हा पूल आणि त्याभोवतालची पेठ या व्यापाराचे केंद्र होते. तेथून माल पुढे हांगचौकडे, तसेच शांघायमार्गे समुद्रकिनाऱ्याने फूच्येनपर्यंत जाई. वर उल्लेख केलेला ली श्यू १६९३ ते १७२२ या काळात सूचौत होता. पाऊसपाणी, पिकाची स्थिती आणि तांदळाचा भाव तो सम्राटाला नियमित कळवीत असे. पुढे छ्येनलुंग सम्राटाच्या काळात प्रत्येक जिल्ह्यातून दरमहा धान्याच्या भावाचे तक्ते मागविण्याची पद्धत देशभर सुरू झाली आणि ती १९११ पर्यंत चालली. भावाची माहिती ही सत्तेची गरज आहे, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते. शेतात चिखलणी करणाऱ्याला मात्र ते तक्ते पाहावयास मिळत नव्हते.

चार मोठ्या पेठा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास थायपिंग बंडामुळे (१८५०-६४) सूचौची पेठ उद्ध्वस्त झाली. याच सुमारास, १८५५ मध्ये, पीत नदीने आपला मार्ग बदलल्याने मोठ्या कालव्याचा उत्तरेकडील भाग निकामी होऊ लागला. करधान्य समुद्रमार्गे जाऊ लागले आणि १८७० च्या दशकात त्यासाठी चिनी मालकीची आगबोट कंपनीही निघाली. परदेशी व्यापारासाठी नदीवरील बंदरे एकामागून एक खुली झाली. या उलथापालथीतून पुढील चार पेठांना महत्त्व आले.

१) वूशी : हे शहर मोठ्या कालव्यावर, थाय सरोवराच्या जवळ वसले आहे. येथील धान्य बाजार जुना असला तरी १८८० च्या दशकापासून च्यांगसू व चच्यांग प्रांतांच्या करधान्याची खरेदी येथे होऊ लागल्याने तो फार वाढला. सानलीछ्याओ म्हणजे तीन ली अंतरावरचा पूल आणि पैथांग या भागांत कालव्याच्या काठाने तांदळाच्या अडती व वखारी ओळीने उभ्या होत्या. १९०८ मध्ये शांघाय-नानचिंग रेल्वे झाली, तेव्हा कालवा आणि रेल्वे या दोन्हींची सोय वूशीला मिळाली. रेशीम, कापड व पिठाच्या गिरण्यांमुळे शहराला 'छोटे शांघाय' असे नाव पडले.

२) वूहू : आन्हवै प्रांतातील हे यांगत्सेवरील बंदर १८७७ मध्ये परदेशी व्यापारास खुले झाले. त्याआधी तांदळाची मोठी पेठ खालच्या बाजूस चेनच्यांग येथे होती. ली होंगचांग या प्रबळ मंत्र्याने ती वूहूला हलविण्याचा प्रस्ताव मांडला. तो स्वतः आन्हवैचा. व्यापारी सहजासहजी जागा सोडीनात, तेव्हा वूहूचा अधिकारी चांग यिनहुआन याने, जो मूळचा क्वांगतुंगचा होता, आपल्या प्रांताच्या व्यापाऱ्यांचे मन वळविले आणि १८८२ मध्ये पेठ वूहूला आली. क्वांगचौ, छाओचौ, निंगपो व यानथाय येथील व्यापाऱ्यांचे चार गट येथे खरेदी करीत. ली घराण्याने वूहूत मोठी स्थावर मालमत्ता घेतली होती, हेही नमूद करण्यासारखे आहे. पेठेची जागा नुसती निसर्गाने ठरत नाही. अधिकार ज्यांच्या हाती असतो, तेही ती ठरवितात.

३) चिऊच्यांग : पोयांग सरोवराचे पाणी यांगत्सेला मिळते, त्या तोंडाजवळचे हे बंदर. च्यांगशी प्रांताचा तांदूळ, चहा आणि चिनीमातीची भांडी बाहेर नेण्याचे हे द्वार होते. बंदर १८६१ मध्ये खुले झाले व १९१६ मध्ये ते नानछांग शहराशी रेल्वेने जोडले गेले.

४) चांगशा : हूनान प्रांताची ही राजधानी शियांग नदीवर आहे. चारही पेठांत प्रत्यक्ष भात पिकविणाऱ्या मुलखाच्या आत खोलवर असलेली हीच. पूर्वी तांदळाचा व्यापार शियांगथान व चिंगकांग या नदीकाठच्या गावांतून चाले. १९०४ मध्ये चांगशा बंदर खुले झाल्यावर आणि १९१८ मध्ये वूछांगपर्यंत रेल्वे झाल्यावर तो चांगशाकडे सरकला.

पेठेचे कामकाज

आपल्या बाजार समितीच्या आवारात वावरणाऱ्या शेतकऱ्याला या पेठांचे काम समजावयास अवघड जाणार नाही. माणसे बहुतेक तीच होती, कायदा तेवढा नव्हता.

माल गावोगावच्या छोट्या खरेदीदारांकडून होडीने पेठेत येई. धक्क्यावर अडत्या नमुना पाही. दाणा भरीव आहे की पोचट, ओलावा किती, खडे-माती व कणी किती, यांवरून तो दर सांगे. दूरचा व्यापारी स्थानिक भाषा व रीत जाणत नसल्याने अडत्याशिवाय त्याचे पान हलत नसे. सौदा ठरला की मापाडी मापून देई आणि हमाल कावडीने माल वाहून नेत.

मापणी ही फार नाजूक बाब होती. माप आकारमानाचे असल्याने ते शिगेपर्यंत भरावयाचे की फळीने सपाट करावयाचे, यावर दर शिमागे बराच फरक पडे. शिवाय प्रत्येक शहराचे माप थोडेफार निराळे. घेताना मोठ्या मापाने आणि देताना लहान मापाने, ही तक्रार चिनी शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होती.

भात भरडण्यासाठी वेगळे कारखाने असत. आपल्याकडे कोकणात पूर्वी वापरले जाणारे घिरट आठवा. तशाच प्रकारच्या जात्यावर टरफल काढून बिनसडी तांदूळ तयार केला जाई आणि बराचसा व्यापार त्याचाच चाले. भात तसेच पाठविले तर तुसाचे भाडे भरावे लागते. भरडल्यावर वजन व जागा दोन्ही वाचते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून यांत्रिक गिरण्या आल्या आणि हे काम गावातून अधिकाधिक शहरात गेले. त्याबरोबर कोंडा, तूस व कणी यांचा फायदाही गावाबाहेर गेला.

या सर्वांत वूशीच्या वखारींचे काम विशेष पाहण्यासारखे आहे. तेथील वखारवाले तांदूळ, गहू, रेशीम कोष इत्यादी माल भाडे घेऊन ठेवीत व ठेवणाऱ्याला पावती देत. ही पावती तारण ठेवून पेढीवाल्यांकडून किंवा बँकेकडून कर्ज मिळे. व्यापारी सुगीत स्वस्त माल घेई, तो वखारीत ठेवी, पावतीवर पैसे उचली आणि त्या पैशातून पुन्हा माल घेई. चार-सहा महिन्यांनी भाव चढला की तो विके. थोडक्या भांडवलावर मोठा साठा हाती ठेवण्याची ही युक्ती होती. वूशीची पेठ जेवढी कालव्यावर, तेवढीच या पावत्यांवर उभी होती, असे म्हटले तरी चालेल.

शेतकऱ्याच्या पदरात काय?

हीच युक्ती शेतकऱ्याला का साधली नाही? याचे उत्तर त्याच्या वर्षाच्या हिशेबात सापडते. कापणी झाली की खंड, कर आणि उसनवारी या तिन्ही गोष्टी एकदम दारात उभ्या राहत. सारेच शेतकरी एकाच महिन्यात विकावयास निघत, त्यामुळे भाव पडे. वसंत ऋतूत घरातले धान्य संपे, तेव्हा तोच शेतकरी चढ्या भावाने तांदूळ विकत घेई किंवा व्याजाने उचली.

समाजशास्त्रज्ञ फै श्याओथुंग यांनी १९३६ मध्ये थाय सरोवराच्या दक्षिणेकडील खायश्येनकुंग या गावाचा अभ्यास केला. त्यात गावच्या 'अडत होडी'चे वर्णन आहे. ही होडी रोज सकाळी गावातून निघे, लोकांनी सांगितलेल्या वस्तू शहरातून आणी आणि गावचा माल शहरात विकून देई. वस्तू आणण्याबद्दल होडीवाला गावकऱ्यांकडून काही घेत नसे, त्याची कमाई शहरातील दुकानदारांकडून होई. माल विकून दिल्यास मात्र त्याला दलाली मिळे. शहरात कोणत्या दुकानात कसा माल घेतात, हे त्याला नेमके ठाऊक असे, म्हणून गावाला त्याचा मोठा आधार होता. पण गाव आणि पेठ यांमधली भावाची बातमी एका माणसाच्या तोंडून येत होती, हेही तितकेच खरे.

१९३३ मध्ये ये शंगथाओ या लेखकाची 'तीन-पाच दौ जास्त पिकले' या अर्थाच्या नावाची कथा प्रसिद्ध झाली. चांगले पीक आलेले शेतकरी होड्या भरून तांदूळ पेठेत आणतात आणि भाव आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी खाली गेलेला पाहतात. माल परत न्यावा तर खंड व कर्ज कसे फेडावयाचे? शेवटी मिळेल त्या भावाने विकून, घरी न्यावयाच्या वस्तूंची यादी छाटून ते परततात. कथा काल्पनिक असली तरी परिस्थिती खरी होती. त्या काळात जगभर मंदी होती आणि सयाम, इंडोचायना, ब्रह्मदेश येथील तांदूळ चीनच्या बंदरांत येत होता. उत्पादन वाढले म्हणजे उत्पन्न वाढलेच असे नाही, हा धडा शेतीशास्त्र शिकविणाऱ्या आम्हा लोकांनीही विसरता कामा नये.

चांगशा, एप्रिल १९१०

पेठ भरलेली असूनही माणसे उपाशी राहू शकतात, याचे ठळक उदाहरण चांगशाने पाहिले. १९०९ मध्ये हूनानमध्ये पुराने पीक बुडाले. तरीही तांदूळ नदीवाटे बाहेर जातच होता. काही धनिकांनी मोठे साठे करून ठेवले होते. निर्यात थांबवावी अशी मागणी होऊ लागली. परंतु परदेशी राष्ट्रांबरोबरच्या करारानुसार धान्यबंदी करण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना देणे बंधनकारक होते. बंदी जाहीर झाली आणि त्या तीन आठवड्यांत व्यापाऱ्यांनी जेवढा माल बाहेर काढता येईल तेवढा काढण्याची घाई केली. भाव आणखी भडकले.

एप्रिल १९१० मध्ये शहरातील एका पाणक्याची बायको तांदूळ आणावयास गेली. दुकानदाराने तिच्याजवळची काही नाणी चालत नाहीत म्हणून तिला परत पाठविले. नाणी बदलून ती पुन्हा गेली, तोवर त्याच दिवसात भाव चढला होता आणि पैसे कमी पडले. तिने तळ्यात जीव दिला. पाठोपाठ नवऱ्यानेही मुलांसह तोच मार्ग धरला. ही बातमी पसरताच लोक रस्त्यावर उतरले. तांदळाची दुकाने लुटली गेली आणि राज्यपालाची कचेरी जाळण्यात आली. पुढे राज्यपाल पदावरून गेला व साठेबाजी करणाऱ्या काही प्रतिष्ठितांनाही शिक्षा झाल्या.

विशेष म्हणजे अशा वेळेसाठीच चीनमध्ये जुनी व्यवस्था होती. इ.स. पूर्व ५४ मध्ये, हान घराण्याच्या काळात, 'सम-भाव कोठारे' सुरू करण्यात आली. सुगीत भाव पडला की सरकारने खरेदी करावी आणि टंचाईत तो साठा बेताच्या भावाने विकावा, ही कल्पना. अठराव्या शतकात छिंग सरकारने देशभर मिळून ३ कोटी शिपेक्षा अधिक साठ्याचे उद्दिष्ट ठेवले होते. परंतु कोठारातील धान्य दरवर्षी फिरवावे लागते. जुने काढून नवे भरावे लागते, ओल व किडीपासून जपावे लागते आणि हिशेब चोख ठेवावा लागतो. एकोणिसाव्या शतकात युद्धे व ढिसाळ कारभार यांमुळे ही व्यवस्था खिळखिळी झाली. पेठा वाढत होत्या त्याच काळात कोठारे रिकामी होत गेली.

पेठांची अखेर आणि आजची स्थिती

१९३७ मध्ये जपानशी युद्ध पेटले. त्या वर्षाच्या अखेरीस वूशी व वूहू जपानी सैन्याच्या ताब्यात गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून लावलेल्या आगीत चांगशाचा बहुतांश भाग जळाला. युद्धानंतर पेठा पुन्हा उभ्या राहू लागल्या, परंतु १९५३ मध्ये सरकारने धान्याची खरेदी व विक्री आपल्या हाती घेतली आणि खाजगी तांदूळ पेठांचे युग संपले. शहरांत धान्याची कुपने आली, ती १९९३ च्या सुमारापर्यंत चालली. २००४ मध्ये धान्य खरेदीचा बाजार पुन्हा खुला करण्यात आला व त्याच वर्षी भाताला किमान खरेदी किंमत देण्याची पद्धत सुरू झाली.

मोठ्या कालव्याला २०१४ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. चांगशाचे नाव आज तांदळाच्या व्यापारापेक्षा संकरित भातामुळे अधिक परिचित आहे. प्रा. युआन लुंगफिंग यांचे (निधन २०२१) संशोधन केंद्र याच शहरात आहे. त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० मध्ये हायनान बेटावर नरवंध्य रानटी भाताचे एक रोप सापडले. त्याचे पेशीद्रव्य पुढे अनेक देशांतील मादी वाणांत वापरले गेले. कर्जत येथून १९९८ मध्ये प्रसारित झालेल्या 'सह्याद्री' या संकरित भाताचा मादी वाणही त्याच प्रकारच्या नरवंध्यत्वावर आधारलेला आहे. म्हणजे त्या एका रोपाचा धागा आपल्या खाचरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आपण काय लक्षात घ्यावे?

चार शहरांची ही हकिकत वाचून सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. भाव जेथे पीक येते तेथे ठरत नाही. वाहतूक, साठवण, कर्ज, माप आणि बातमी या पाच गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे तो ठरतो, आणि त्या ज्यांच्या हाती असतात त्यांच्या बाजूने तो झुकतो. चीनमधील शेतकऱ्याच्या हाती यांपैकी एकही नव्हती. आपली स्थिती त्या मानाने बरी आहे, पण सोयी आहेत म्हणजे त्या वापरल्या जातातच असे नाही. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) साठवण वाळवणीपासून सुरू होते. मळणीनंतर भात उन्हात पातळ थरात वाळवून ओलावा १२ ते १३ टक्क्यांपर्यंत आणावा. ओले भात ठेवता येत नाही, त्यामुळे ते त्याच आठवड्यात विकावे लागते आणि भाव मागण्याची ताकद तेथेच संपते.

२) पैशाची नड आहे म्हणून सर्व माल एकदम विकू नये. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना सुरू केली असून तीत भाताचाही समावेश आहे. वूशीचा व्यापारी जे पावतीवर करीत होता, तेच यात शेतकऱ्याला करता येते. अटी, व्याजदर व मुदत यांची माहिती आपल्या बाजार समितीकडून सुगीपूर्वीच घ्यावी.

३) तारणावर ठेवलेल्या मालाचा भाव चढेलच अशी खात्री नसते. व्याज, भाडे आणि घट यांचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा.

४) वजन आपल्या डोळ्यांदेखत व प्रमाणित काट्यावर करून घ्यावे, काटापट्टी जपून ठेवावी.

५) एकाच माणसाच्या सांगण्यावर भाव ठरवू नये. किमान दोन-तीन बाजारांची चौकशी करावी. गटाने विक्री केल्यास वाहतूक खर्च वाचतो आणि चौकशीही एकट्यावर पडत नाही.

६) शक्य तेथे भरडाई गावात किंवा गटाच्या गिरणीत करावी. तांदळाबरोबर कोंडा व कणी यांचे पैसेही आपल्याकडे राहतात.

७) घरच्या वर्षभराच्या खाण्यापुरता आणि बियाण्याचा साठा प्रथम बाजूला काढावा, मगच विक्रीचा विचार करावा.

येत्या सुगीत पहिले पोते गाडीत चढविण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एवढाच हिशेब मांडावा : आज किती विकणे भाग आहे आणि किती थांबू शकते? तेवढा थांबणारा भाग दरवर्षी थोडा थोडा वाढविता आला, तर भाव ठरविण्यात शेतकऱ्याचाही शब्द राहील.